मोठा लेगो सेट जोडताना या चुका टाळा

हजार तुकड्यांचा सेट आणि नऊ हजार तुकड्यांचा सेट यात प्रत्येक स्टेप जवळपास तेवढीच सोपी असते, पण मोठ्या सेटमध्ये चूक ज्या पानावर होते तिथे ती दिसतच नाही, पन्नास-साठ पानं पुढे गेल्यावर एखादी प्लेट (पातळ, चपटा तुकडा) बसेना की मग कळतं, आणि तोवर तिच्यावर सगळं बांधकाम चढलेलं असतं. म्हणून चूक लवकर पकडायची सवय लावून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

घ्यायच्या आधी टेप घेऊन जागा मोजा. टायटॅनिकचे ९,०९० तुकडे असतात हे सगळे सांगतात, पण तो जोडून झाल्यावर १३५ सेंमी लांब होतो हे घरी आल्यावर लक्षात येतं. आयफेल टॉवर तर १०,००१ तुकड्यांचा आणि १४९ सेंमी उंच, टू बीएचकेमध्ये तो ठेवायचा कुठे ते बॉक्स उघडायच्या आधीच ठरलेलं बरं. दोन्ही मॉडेल भागांमध्ये वेगळी होतात, टायटॅनिकचे तीन आणि आयफेलचे चार, त्यामुळे हलवायचं असेल तर आधी भाग सुटे करा आणि प्रत्येक भाग खालून दोन्ही हातांनी धरा. वरच्या नक्षीला धरून उचललं की तुटणारच.

पिशव्यांवर नंबर असतात. एकाच नंबरच्या दोन-तीन पिशव्या असू शकतात, त्या सगळ्या एकत्र उघडा, पण पुढचा नंबर अजिबात उघडू नका. "सगळं एकदम ओतून रंगानुसार लावतो" हा उत्साह छोट्या सेटला चालतो, इथे त्याने तुमचं चूक पकडायचं सगळ्यात चांगलं साधनच जातं. कारण प्रत्येक नंबर संपला की ट्रेमध्ये काय उरलं ते बघायचं असतं. एक बाय एकच्या, म्हणजे वर एकच स्टड (गोल उंचवटा) असलेल्या, बारीक प्लेट, गोल टाइल, छोट्या पिना असं एक-दोन उरणारच, कंपनी बारीक तुकडे मुद्दाम जास्तीचे देते. पण दोन बाय चारची प्लेट किंवा लांब बीम (भोकांची पट्टी) उरला तर कुठली तरी स्टेप राहिली आहे हे नक्की, तिथेच थांबा आणि त्याच नंबरची पानं उलट क्रमाने तपासत मागे या.

तुकडा कमी पडला असं वाटलं तर लगेच कंपनीला दोष देऊ नका. रिकाम्या पिशवीचे कोपरे बघा, मोठ्या पिशवीतली छोटी पिशवी बघा, आणि मग आधी जोडलेल्या भागात तोच आकार दुसऱ्या रंगाच्या जागी तर नाही ना गेला ते बघा, बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो. खरंच नसेल तर लेगोच्या कस्टमर सर्व्हिसला सेट नंबर आणि तुकड्याचा नंबर कळवा, नव्या सेटमधला हरवलेला तुकडा ते फुकट पाठवतात.

रंगाचा गोंधळ प्रामुख्याने उजेडामुळे होतो. पिवळ्या बल्बखाली गडद करडा आणि काळा, लालसर तपकिरी आणि गडद तपकिरी यातला फरक कळत नाही. पांढरा एलईडी टेबल लॅम्प घ्या, हजारोंच्या सेटपुढे तो खर्च काहीच नाही.

टेक्निक सेटमध्ये, म्हणजे लेगोच्या गिअर-पिनांच्या यंत्रासारख्या सेटमध्ये, पिनांचा रंग ही सजावट नाही. काळी पिन घट्ट बसते, करडी मोकळी फिरते, तीन स्टडच्या लांबीत तसंच निळी पिन घट्ट आणि बेज मोकळी. फिरणाऱ्या सांध्यात चुकून घट्ट पिन गेली की यंत्रणा जड चालते आणि मग लोक गिअरला दोष देत बसतात. एक्सलची, म्हणजे गिअर ज्यावर बसतो त्या दांडीची, लांबी डोळ्याने ठरवू नका, बुकलेटमध्ये खऱ्या मापाचं चित्र असतं त्यावर एक्सल ठेवून बघा. बुगाटी शिरॉन कारसारख्या सेटमध्ये, म्हणजे ३,५९९ तुकडे आणि आत आठ स्पीडचा चालणारा गिअरबॉक्स, प्रत्येक टप्प्यावर हाताने गिअर फिरवून बघा, सगळे स्पीड पडतात का, पिस्टन हलतात का. अडकत असेल तर आत्ताच दुरुस्त करा, वरून बॉडी चढल्यावर तिथे बोट पण पोचत नाही.

आणि जोर लावू नका, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. लेगोचा तुकडा अगदी काटेकोर मापाचा असतो, दोन स्टडमधलं अंतर ८ मिमी, तीन प्लेटची उंची बरोबर एका ब्रिकएवढी (ब्रिक म्हणजे नेहमीची जाड वीट), म्हणून १९५८ सालची ब्रिक आजच्या ब्रिकवर बसते. बसत नसेल तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा खालचं काहीतरी एक स्टडने सरकलेलं असतं. कडेपासून स्टड मोजा. उजवी-डावी बाजू आरशासारखी असेल तर दोन्ही समोरासमोर ठेवून बघा, चूक दिसते.

काढताना दात, सुरी, नख वापरू नका. तुकडे सुटे करायचा केशरी सेपरेटर बहुतेक मोठ्या सेटमध्ये येतोच, त्याच्या मागच्या टोकाने अडकलेला एक्सल पण ढकलता येतो. दोन छोट्या प्लेट घट्ट चिकटल्या असतील तर वर आणि खाली एकेक मोठी ब्रिक लावा आणि मग ओढा, पकड मिळते.

आता ठेवण्याबद्दल. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन लागलं की पांढरे आणि फिकट करडे तुकडे पिवळे पडतात, निळे पण बदलतात, आणि ते नीट परत येत नाहीत. पावसाळ्यात प्लास्टिकला काही होत नाही पण माळ्यावर टाकलेले बॉक्स आणि बुकलेट बुरशी धरतात, ते कपाटात सिलिका जेल घालून ठेवा. धुळीसाठी मऊ मेकअप ब्रश. धुवायचेच असतील तर ४० अंशांपर्यंतचं पाणी आणि सौम्य साबण, मग पंख्याखाली वाळवा, हेअर ड्रायर नको. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही आणू नका, त्यातलं ॲसिटोन हे प्लास्टिक विरघळवतं.

भारतात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली, म्हणून बरेच जण अमेरिकेतल्या ताईला, दादाला बॅगेतून आणायला सांगतात. बॉक्स मोडून आणला तरी चालतं, पण नंबरच्या पिशव्या फोडू नका म्हणावं आणि स्टिकरची शीट बुकलेटच्या पानांत सपाट ठेवा.

"बंद होणार आहे, घेऊन ठेव, दुप्पट भाव येईल" यावर सेट घेऊ नका. २००८ चा ताजमहाल, ५,९२२ तुकड्यांचा, बंद झाल्यावर जुन्या बाजारात प्रचंड महाग झाला होता, मग २०१७ मध्ये लेगोने जवळपास तोच ५,९२३ तुकड्यांचा परत काढला आणि जुन्याचा भाव घसरला. जोडायला घेणाऱ्यांची मात्र चंगळ झाली. तुम्हीही जोडायलाच घ्या, आणि जुना सेट घेत असाल तर विकणाऱ्याकडून तपकिरी आणि गडद लाल तुकड्यांचे जवळून काढलेले फोटो मागवा, काही वर्षांच्या उत्पादनातले हे रंग ठिसूळ असतात आणि काढताना फुटतात.