सप्लिमेंट घेताय? आधी हे बघा
लोकल, एसी ऑफिस, ऊन अंगाला लागतच नाही, मग थकवा आला की कोणीतरी सांगतं अश्वगंधा घे, व्हिटॅमिन डी घे, आणि आपण दादरला उतरून डबी घेऊन घरी. आधी रक्त तपासा ना, डी, हिमोग्लोबिन, शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर बघा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम, आयर्न तिच्यापासून ४ तास लांब, आणि आयर्नवर लगेच कटिंग मारू नका, चहाने ते नीट शोषलंच जात नाही. डी जेवणासोबत, पण डोस डॉक्टरांना विचारूनच, जास्तीचं अंगात साठतं. गरोदरपणात अश्वगंधा नकोच. "नॅचरल आहे गं, काही होत नाही" म्हणणाऱ्या काकूंना नुसतं हो हो म्हणा.