रविवारी वेटिंग, महिनाअखेरीला उधारी: मासळीचं हॉटेल चालवताना या चुका टाळा

रविवारी दुपारी दारात तीस माणसं नंबर लावून उभी असतात आणि महिनाअखेरीला मासेवाल्याची उधारी फिटत नाही. दुसरी-तिसरी शाखा निघाली की हे दुखणं सुरू होतं. मालकाचा संशय आधी आचाऱ्यावर जातो, मग गल्ल्यावरच्या पोरावर. त्याआधी वजनकाटा तपासावा.

तुकडीचा भाव अख्ख्या माशावरून काढणं

समजा, ४ किलोची सुरमई ९०० रुपये किलोने घेतली. १२० ग्रॅमची तुकडी म्हणजे १०८ रुपये, असा हिशेब वहीत मांडलेला असतो. पण डोकं, पोटातली घाण, पर आणि शेपूट गेलं की हातात साधारण २.७ किलो उरतं. त्याच्या २२ तुकड्या होतात, त्यातल्या शेपटाकडच्या दोन थाळीत वाढण्याजोग्या नसतात. ३,६०० भागिले २०, म्हणजे तुकडी १८० ला पडली. मसाला, तेल, गॅस अजून धरलेलाच नाही. कापणाऱ्याचा हात सैल पडून तुकडी १३५ ग्रॅमची झाली, तर थाळीच्या तुकड्या १८ च निघतात आणि भाव थेट २०० वर जातो. गिऱ्हाइकाला १५ ग्रॅमचा फरक कळतही नाही.

प्रत्येक शाखेत कापायच्या फळीशेजारीच काटा हवा. रोज पहिल्या माशाचं अख्खं वजन, साफ केलेलं वजन आणि निघालेल्या तुकड्या लिहून ठेवा. मुंडकं फुकट घालवू नका, त्याच्या कालवणाला वेगळं गिऱ्हाईक असतं.

कोळंबीत तर याहून जास्त घट. डोक्यासकट घेतलेली किलोभर कोळंबी सोलून जेमतेम निम्मी उरते. फ्रोजन घेत असाल तर वरच्या बर्फाचे पैसे मोजताय का, ते बघा. २० टक्के ग्लेझ (वरचा बर्फाचा थर) म्हणजे किलोच्या पाकिटात माल ८०० ग्रॅम. एक पाकीट फोडा, चाळणीत घेऊन वरचा बर्फ जाईपर्यंतच थंड पाण्याखाली धरा, निथळू द्या आणि तोला.

महाग माल ‘अनलिमिटेड’ करणं

भात, रस्सा, सोलकढी हवी तेवढी द्या. कोळंबी नको. अमेरिकेतल्या रेड लॉब्स्टर या साखळीने जून २०२३ मध्ये २० डॉलरला हवी तेवढी कोळंबी ही योजना कायमची केली. गर्दी वाढली आणि तोटाही. एका तिमाहीत तो सुमारे १.१ कोटी डॉलरवर गेला. मे २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. (याच साखळीने २००३ साली अमर्याद खेकड्यांवर हात पोळून घेतले होते!) सगळा दोष कोळंबीचा मात्र नाही. २०१४ मध्ये मालकी बदलताना त्यांच्या हॉटेलांच्या जागा १.५ अब्ज डॉलरला विकल्या गेल्या आणि त्याच जागांचं भाडं कंपनीच्या मानेवर बसलं.

रविवारची गर्दी बघून भाडं कबूल करणं

पुण्यात मासळीचे हक्काचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात, मंगळवारचाही भरवसा नाही. भाडं मात्र तिसही दिवसांचं. हिंजवडीत हे गणित आणखी वाकडं होतं, कारण तिथली दुपारची गर्दी ऑफिसांची. तुमचा सगळ्यात तगडा वार तिथे सुट्टीचा. जागा पक्की करण्याआधी गुरुवारी दुपारी एक वाजता शेजारच्या हॉटेलात जाऊन बसा आणि टेबलं मोजा.

अडीच लाख भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागला की २ लाख ९५ हजार होतात. ग्राहकाकडून ५ टक्के घेणाऱ्या हॉटेलला त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे वरचे ४५ हजार खर्चातच धरायचे.

पावसाळ्याची तयारी पावसाळ्यात करणं

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बऱ्याचदा याच काळात किंवा लगेच नंतर गटारी येते, म्हणजे गर्दी मोठी आणि माल महाग. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडतात, तेव्हा गिऱ्हाईक श्रावण पाळत असतं. पुढे गणपती, मग नवरात्र. मेन्यूकार्डावर सुरमई-पापलेटचा छापील दर असेल तर जून-जुलैत प्रत्येक ताटावर पदरचे घालावे लागतात. तिथे ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहा आणि रोजचा दर फळ्यावर. सोडे, सुकट, जवळा मे महिन्यातच भरून ठेवा. आचाऱ्यांच्या गावच्या रजा श्रावणात बसवा.

रविवारचा उरलेला माल बुधवारी तळणं

सुरमई आणि बांगडा थंडाव्याबाहेर राहिले की त्यांत ॲलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामीन तयार होतं आणि ते तळूनही जात नाही. माशाइतकाच बर्फ घाला, खाली पाणी निथळायला वाट ठेवा. सोमवारी सकाळी प्रत्येक शाखेत उरलेल्या तुकड्या मोजा. सलग तीन रविवार दहाच्या वर उरल्या, तर त्या शाखेची शनिवारी दिली जाणारी ऑर्डर एका सुरमईने कमी करा.