अदिस अबाबाला लांब लेओव्हर आहे? एअरलाइनचं हॉटेल घ्यायचं असेल तर हे आधी बघा

मुंबईहून इथिओपियन एअरलाइन्सनं आफ्रिकेत नाहीतर पुढे अमेरिका-कॅनडाला जाणारे बरेच जण विचारतात, की अदिसला दहा-बारा तास थांबायचंय तर ते हॉटेल देतात म्हणे, खरं का? खरं आहे. पण ते अदिसच्या काउंटरवर हुज्जत घालून मिळत नाही, तिकीट काढतानाच ठरतं, त्यामुळे सगळी चौकशी घरबसल्या करायची.

नियम साधारण असा आहे की लेओव्हर ८ ते २४ तासांचा हवा, सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा, आणि त्याआधी पुढे जाणारं कनेक्शन नसायला हवं. ही तिसरी अट लोक वाचतच नाहीत. तुम्हाला पुढे जायचंय तिथलं सकाळचं विमान होतं पण तुम्ही हजारभर रुपये वाचतात म्हणून रात्रीचं घेतलं, तर थांबायचं तुम्ही ठरवलंत, मग हॉटेल मागता येत नाही. तसंच मुंबई-अदिस एक तिकीट आणि अदिस-नैरोबी दुसरं वेगळं काढलं तर एअरलाइनच्या लेखी तुम्ही अदिसलाच उतरणारे प्रवासी. एजंटकडून बुकिंग करत असाल तर त्याला सरळ विचारा, 'एसटीपीसी आहे का?' थांब्याचा खर्च एअरलाइनचा असेल तर या धंद्यात त्याला हेच म्हणतात, त्याला बरोबर कळतं. हो म्हणाला की लेखी घ्या, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, आणि व्हाउचर आधी मिळत असेल तर प्रिंट काढून पासपोर्टमध्ये ठेवा. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून स्वतःच्या पीएनआरवर एअरलाइनकडूनही एकदा खात्री करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यलो फीव्हर. हॉटेलच्या आनंदात हे हमखास राहून जातं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

इथिओपिया हा भारत सरकारच्या यलो फीव्हरच्या यादीतला देश आहे. तिथून निघून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं पिवळं कार्ड नसेल तर एअरपोर्टवरचे आरोग्य अधिकारी तुम्हाला ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. ट्रान्झिटवाल्यांना सूट आहे, पण ती पूर्ण वेळ एअरपोर्टच्या आतच थांबलेल्यांना, तीही अधिकाऱ्याला पटलं तर. म्हणजे परतीच्या प्रवासात तुम्ही फुकटच्या हॉटेलसाठी बाहेर पडलात, पासपोर्टवर शिक्का बसला, की ती सूट गेली! जातानाही बेफिकीर राहू नका, पुढचे काही देश १२ तासांहून जास्त ट्रान्झिट झालं तरी कार्ड मागतात.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, फॅमिली डॉक्टरकडे घेऊन चालत नाही, आणि कार्ड लागू होतं ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी, तेव्हा शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आता जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे, आधी दर १० वर्षांनी घ्यावी लागायची. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि साठीच्या पुढच्या माणसांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून आई-बाबा मुलांकडे अमेरिकेला निघाले असतील तर माझं स्पष्ट मत, एका रात्रीच्या हॉटेलसाठी त्यांना लस टोचून घ्यायला लावू नका, लहान लेओव्हरचं तिकीट बघा नाहीतर दुसऱ्या मार्गानं पाठवा.

बॅगेचं सांगतो. चेक-इन केलेलं सामान सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जातं, अदिसला हातात येत नाही. त्यामुळे औषधं, एक कपड्यांचा जोड, टूथब्रश, चार्जर आणि स्वेटर केबिन बॅगमध्ये पाहिजे. स्वेटर म्हटल्यावर आफ्रिकेत कशाला असं वाटतं ना? अदिस समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या वर आहे, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तुम्ही आपल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर झोपणार आहात, आणि रात्री चांगलीच थंडी पडते. जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका, हळू चाला, पाणी पीत राहा, पण बाटलीतलंच. आपला दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, जाड तीन पिनांचा लॅपटॉपचा प्लग मात्र बसत नाही, अडॅप्टर घ्या.

बोले एअरपोर्टवर उतरलात की कनेक्शनच्या गर्दीबरोबर वाहत जाऊ नका, ट्रान्झिट हॉटेलचं काउंटर विचारा. तिथे पासपोर्ट, पुढचा बोर्डिंग पास किंवा तिकीट आणि यलो कार्ड एकत्र काढून ठेवा. व्हाउचर मिळालं की तिथेच उभं राहून वाचा: हॉटेलचं नाव, कुठलं कुठलं जेवण धरलंय, शटल कुठून सुटते. ट्रान्झिट व्हिसाही यातच येतो, त्याचे वेगळे पैसे द्यायच्या आधी विचारा. मग इमिग्रेशन, मग बाहेर शटल. बरेच जण स्कायलाइटला जातात, ते एअरलाइनचंच हॉटेल आहे, २०१९ ला सुरू झालं, एअरपोर्टच्या अगदी जवळ. पण तेच मिळेल असं नाही, आसपासच्या दुसऱ्या हॉटेलातही पाठवतात. रूममधला मिनीबार आणि लाँड्री आपल्या खिशातून, ते व्हाउचरमध्ये धरू नका.

जेवणाची शाकाहारी लोकांना उगाच भीती वाटते. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवार-शुक्रवार उपास करतात आणि त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही, त्यामुळे 'फास्टिंग फूड' मागितलं की बिनधास्त जेवा. बेयायनेतू म्हणून एक ताट असतं, खाली मोठी आंबूस, जाळीदार, मऊ इंजेरा, ती टेफ नावाच्या बारीक धान्याची, आणि तिच्यावर मसूर, कोबी-बटाटा, पालेभाजी असे छोटे छोटे ढीग. त्यात शिरो असेल तर नक्की घ्या, कडधान्याच्या पिठाचं, तिखट, आपल्या पिठल्याच्या जवळचं. फक्त बाकीच्या दिवशी त्यात लोणी असू शकतं, व्हीगन असाल तर विचारून घ्या. आणि कॉफी सोडू नका, ती मुळात याच देशातली.

वेळेचा घोळ होऊ देऊ नका. अदिस आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, फोननं वेळ बदलली का बघा. शिवाय तिथले लोक आपापसात दिवस सूर्योदयापासून मोजतात, सकाळी सातला ते एक म्हणतात. हॉटेलच्या आणि विमानाच्या कागदावर आपलीच पद्धत असते, पण तोंडी कुणी 'दोन वाजता गाडी' म्हणालं तर घड्याळाचा काटा दाखवून पक्कं करा, नाहीतर सरळ सहा तासांचा फरक पडतो. शटलची वेळ रिसेप्शनवरून कागदावर लिहून घ्या आणि वेक-अप कॉलवर न विसंबता स्वतःचा अलार्म लावा.

हॉटेलवरून परत जाताना विमानाच्या निदान तीन तास आधी एअरपोर्टवर पोचा, कारण तिथे इमारतीत शिरतानाच एक सिक्युरिटी असते आणि रांग लांब लागते, मग इमिग्रेशन, मग पुन्हा तपासणी. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून बाटली किंवा परफ्यूम घेतलं असेल तर हॉटेलला जाऊन आल्यावर ते १०० मिलीच्या नियमात अडकतं आणि चेक-इन बॅग तर हातात नसते, म्हणून असली खरेदी शेवटच्या फ्लाइटच्या आधी अदिसलाच करा, आणि लोणचं-तूप मुंबईतच चेक-इनच्या बॅगेत टाका.