हाडांच्या जनुकांवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

"जनुक बिघडलं की प्रथिन तयार होत नाही, म्हणून हाड वाढत नाही." बी.एस्सी.च्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य हमखास सापडतं, आणि निम्मे गुण तिथेच जातात.

अकाँड्रोप्लेझिया हा ठेंगणेपणाचा जनुकीय आजार घ्या. हातपाय आखूड, धड जवळपास नेहमीएवढं. यात एफजीएफआर३ हे जनुक बंद पडलेलं नसतं, उलट नको तेवढं कामाला लागलेलं असतं. ग्रोथ प्लेटमधल्या (हाड जिथून लांब होतं त्या कूर्चेच्या पट्टीतल्या) कूर्चापेशींना आवर घालणं हे त्याचं काम, आणि ते ब्रेकवरचा पाय काढतच नाही. "आईवडील ठेंगणे म्हणून मूल ठेंगणं" हेही लिहू नका. अशा सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात, बदल मुलात नव्याने आलेला असतो.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक गेली तर दुसरी सांभाळून घेईल, हेही नेहमी खरं नसतं. आरयूएनएक्स२ हे जनुक स्वतः हाड बांधत नाही. ते मुकादम आहे, बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. १९९७ मध्ये उंदरांत त्याच्या दोन्ही प्रती काढल्या, तेव्हा सांगाडा तयार झाला, पण सगळा कूर्चेचा. माणसात एकच प्रत निकामी झाली तरी कॉलरबोन अपुरं राहतं, टाळू लवकर भरत नाही, शिवाय जादा दात येतात. काहींना दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ टेकवता येतात. अर्ध्या मुकादमावर काम निभत नाही.

विद्यार्थी सगळ्यात जास्त फसतात ते मात्र व्हॅन बुकेम आजारात. नेदरलँड्समधल्या काही कुटुंबांत जबडा आणि कवटी जाड होत जाते, नसा दबतात, ऐकू कमी येतं. त्यांचं एसओएसटी जनुक तपासलं तर डीएनएचं एक अक्षर चुकलेलं नाही! गायब असतो तो जनुकापलीकडचा सुमारे ५२ हजार अक्षरांचा तुकडा. जनुक चालू करणारा स्विच त्यातच होता. मग हाडपेशी स्क्लेरोस्टिन, म्हणजे या जनुकाचं हाडाची वाढ रोखणारं प्रथिन, पुरेसं बनवत नाहीत आणि हाड थरावर थर चढवत राहतं. याच स्क्लेरोस्टिनला अडवणारं रोमोसोझुमॅब हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये ठिसूळ हाडांसाठी मंजूर झालं.

म्हणून "एक्झोम तपासणी नॉर्मल, म्हणजे आजार आनुवंशिक नाही" असं लिहू नका. ती तपासणी मुख्यतः प्रथिनांचा मजकूर वाचते, दूरचे स्विच तिच्या नजरेत सहसा येत नाहीत.