पीए? कुठल्या मंत्र्याची?

पहिली नोकरी लागली तेव्हा डिचोलीच्या बाजारात मामांच्या एका मित्राने गाठलं. "पीए झालीस म्हणे? कुठल्या मंत्र्याची?" गोव्यात पीए म्हणजे आमदाराच्या केबिनबाहेर बसून लोकांना आत सोडणारा माणूस. मी म्हटलं, फिजिशियन असिस्टंट. "म्हणजे नर्स?" नाही. "मग डॉक्टर?" तेही नाही. काका परत नारळ वाजवून बघायला लागले. बारावी सायन्सनंतर या कोर्सला जायचं मनात असेल तर हा संवाद पाठ करून ठेवा, नोकरीभर पुरतो.

मी हृदयशस्त्रक्रिया विभागात आहे. सर्जन राउंडला यायच्या आधी माझा एक राउंड झालेला असतो: कुणाला ताप आला, रात्रीत लघवी किती झाली, पोटॅशियम किती, सकाळचा एक्स-रे कालच्यापेक्षा बरा की वाईट. सर आले की प्रत्येक पेशंट दोन मिनिटांत सांगायचा. मग ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. बायपाससाठी पायातली शीर काढायचं काम बऱ्याच ठिकाणी पीएकडे असतं. ते नीट शिका, कारण घरी गेल्यावर सगळे छातीची चौकशी करतात आणि दुखत असतो पाय. मधुमेह असेल तर चिघळतोही तोच. दुपारनंतर डिस्चार्ज समरी, योजनेचे कागद, नातेवाइकांचे प्रश्न. कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

माझा कोर्स चार वर्षांचा होता, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मी त्यासाठी कर्नाटकात गेले होते. आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. ते स्वतः हृदयाचे सर्जन, त्यामुळे आजही पीए म्हटलं की आधी कार्डियाक आठवतं. ऑर्थो, न्यूरो, इमर्जन्सी इथेही कामं आहेत. अमेरिकेत हा पेशा १९६५ पासूनचा, ड्यूक विद्यापीठात नौदलातल्या माजी वैद्यकीय सेवकांना घेऊन सुरू झालेला. तिथले व्हिडिओ बघून भुलू नका. तिथला पीए स्वतः औषधं लिहून देतो, आपल्याकडे तो अधिकार नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने आपलं नाव यादीत आणलं, एवढं मात्र झालं. तरी आपण काम करतो ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ऑर्डरवर सही त्यांची.

हे कागदावर सोपं वाटतं. वॉर्डात पेशंट तुम्हाला डॉक्टरच म्हणणार. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, दिवसातून चार वेळा खाटेजवळ येणारा चेहरा तुमचा. "दोतोर, घरा केन्ना धाडटले?" (डॉक्टर, घरी कधी पाठवणार?) असं विचारलं की पहिल्यांदा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी सांगून टाकायचं, "हांव दोतोर न्हय, तांची असिस्टंट. विचारून सांगतां." एकदा गप्प बसलात की पुढचा प्रश्न औषधाचा येतो, आणि मग 'मला अधिकार नाही' म्हणायला जीभ वळत नाही.

आता माझी चूक. नोकरीच्या पहिल्या वर्षातली, तेव्हा मी ज्या हॉस्पिटलात होते तिथली. बायपास झालेला पेशंट, ऑपरेशनच्या दिवशीची रात्र. छातीतल्या ड्रेनमधून, म्हणजे साठलेलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून, अकरा वाजता तासाला १२० मिली रक्त, बाराला १००, आणि एक वाजता फक्त १०. मला हायसं वाटलं. रक्तस्राव थांबला, असं मी लिहूनही टाकलं. दोनला शून्य. तेवढ्यात नाडी १२० च्या पुढे गेली, रक्तदाबाचा वरचा आकडा ९० वर आला, लघवी जवळजवळ बंद. मी सलाईन वाढवायचं का विचारायला फोन उचलला आणि परत ठेवला. आदल्याच रात्री एका साध्या गोष्टीसाठी उठवलं म्हणून बोलणी खाल्ली होती, म्हटलं अजून थोडं बघू.

पलीकडच्या खाटेवरच्या सिस्टर वीस वर्षं आयसीयूत काढलेल्या. त्यांनी येऊन आधी नळीकडे पाहिलं, मग मॉनिटरवरच्या सीव्हीपीकडे, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरेतल्या दाबाकडे. तो ८ चा १६ झाला होता आणि मी पाहिलाच नव्हता. "बाय, रक्त थांबलेलं नाही गो. वाट बंद झालीय." नळीत गुठळी अडकली होती, रक्त हृदयाभोवती साठून त्याला दाबत होतं. टॅम्पोनाड. पुस्तकात मी त्यावर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. फोन गेला, सर आले, छाती परत उघडली, माणूस वाचला. माझी वीस मिनिटं मात्र गेली होती. तो वाचला नसता तर ती वीस मिनिटं कुठल्या कागदात दिसलीही नसती.

तेव्हापासून मी आकडा एकटा वाचत नाही. ड्रेन अचानक कमी झाला तर नाडी, दाब, सीव्हीपी, लघवी एका ओळीत लिहून बघते. आणि फोनवर 'सर, पेशंट बरा वाटत नाही' असं म्हणत नाही. कोण पेशंट, कधीचं ऑपरेशन, काय बदललं, मला काय वाटतं, तुम्ही यावं असं वाटतं का, या क्रमाने चार-पाच वाक्यं. ओरडा बसतो कधीकधी अजूनही, तो पगारात धरायचा.

मुलाखतीत म्हणूनच पगाराआधी हे विचारा: रात्री माझ्यावर कोण डॉक्टर आहे आणि तो इमारतीत असतो की घरी? मी कुठल्या गोष्टी हाताने करायच्या, याची लेखी यादी आहे का? 'तसं काही नसतं, सांभाळून घ्यायचं' असं उत्तर आलं, तर मी सही करणार नाही. सांभाळून घेताना काही बिघडलं की सांभाळायला सांगणारा माणूस सापडत नाही.

ओपीडीतलं काम बाहेरून बिनमहत्त्वाचं वाटतं, पण माझ्या मते पीएची खरी किंमत तिथे कळते. डॉक्टरांकडे पाच मिनिटं, आपल्याकडे पंधरा. वाळपईकडचे एक आजोबा, हृदय अशक्त, जुलैत पाय सुजून परत दाखल. मीठ कमी केलंय का? "हो, जेवणात वरून घेत नाही." फाइलवर तसंच लिहिलेलं. मी विचारलं, पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीत, काय भरलंय? मग यादी निघाली: सुके बांगडे, सुकट, मिठातल्या कैऱ्या, आणि सकाळच्या पेजेला लोणचं. पावसाळाभर घरात मीठच मीठ, आणि आमच्या छापील पत्रकात चिप्स व पापड टाळा असं लिहिलेलं. लघवीची गोळी घेता? घेतो, पण बाजाराच्या दिवशी नाही. कदंबच्या बसमध्ये तासभर बसायचं, मध्ये कुठे उतरणार? हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी त्या दिवसापुरती गोळीची वेळ बदलून दिली. मी बदलली नाही, नुसतं कळवलं.

वॉरफरिनवाल्यांचंही तसंच. ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि पालेभाजीने तिचा परिणाम कमी होतो. 'पालेभाजी बंद' असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून ती महिनाभर तोंडाला लावत नाहीत आणि मग श्रावणात रोज तांबडी भाजी. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वर-खाली होणारच. बंद नको, दर आठवड्याला साधारण सारखी खा, एवढंच सांगायचं असतं. सिंधुदुर्गातून, कारवारकडून येणाऱ्यांना शब्द बदलून सांगावं लागतं, आणि परत त्यांच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. मान डोलावली म्हणजे कळलं असं धरू नका.

त्या आजोबांना मी रोज सकाळी वजन करायला सांगितलं होतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन. वही देऊ केली तर नको म्हणाले. पुढच्या खेपेला भिंतीवरचं कॅलेंडरच गुंडाळून घेऊन आले. प्रत्येक तिथीच्या चौकोनात पेन्सिलीने वजन लिहिलेलं, एकादशीलासुद्धा. फक्त चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, दोन चौकोन कोरे. मी बोट ठेवलं तर हसले. "चवथीक वजन कोण करता गो, बाय?"