इंजिन चालवून जात नाही, ठेवून जातं

मालवणजवळच्या देवबागला पर्यटकांना फिरवायची पहिली होडी घेतली तेव्हा मला इंजिनातलं एवढंच कळत होतं, की दोरी ओढली की ते सुरू होतं. होडी फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन. घरात कर्ज होतं आणि डोक्यात हिशेब होता: दिवाळी, नाताळ, मे महिना. त्या हिशेबात दुरुस्तीचा रकाना नव्हता. आता गावातली नवी मुलं होडी घ्यायच्या आधी मला विचारायला येतात. ती विचारतात, कुठल्या कंपनीचं इंजिन घेऊ? मी त्यांना उलट विचारतो, बिघडलं तर कोणाकडे नेशील? कंपनीचा प्रश्न त्याच्यानंतरचा.

आउटबोर्डचे सुटे भाग बाहेरून येतात. गावातल्या दहा होड्यांवर जे इंजिन आहे तेच घेतलं तर अडीनडीला शेजाऱ्याकडून प्लग मिळतो, इम्पेलर मिळतो, निदान ते उघडलेला माणूस तरी मिळतो. हौसेने वेगळं काही घेतलेल्याची होडी ऐन सीझनमध्ये माडाखाली उलटी पडलेली मी पाहिली आहे. घेतानाच वॉरंटीचा कागद नीट वाचा. भाड्याने माणसं फिरवणं हा व्यावसायिक वापर, आणि त्याची मुदत हौशी वापरापेक्षा बहुतेक वेळा कमी असते. पहिली सर्व्हिस साधारण २० तासांना येते. ‘नवं तर आहे’ म्हणून ती टाळली की पुढे भांडायला तोंड राहत नाही.

माझं शिक्षण झालं ते दुसऱ्या सीझनला, दिवाळीत. संगमाजवळ, होडीत दहा माणसं, ओहोटी जोरात. इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. थंड करणारं पाणी आत फिरतंय याची ती खूण. आमचे मेस्त्री त्याला सरळ ‘मुतणं’ म्हणतात, आणि होडी सुटताना कोणीही दिसला की त्यांचं पहिलं वाक्य असतं, “इंजिन मुतता काय ता बघ आधी.” मी बघितलं नव्हतं. डॉल्फिन दाखवायच्या नादात धार कधी थांबली कळलं नाही. जळका वास आला तेव्हा इंजिन बंद केलं, नांगर टाकला, इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, वर उचलला, तर पाणी आत घ्यायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट चिकटलेली. ती काढली, थोडा थांबलो, सुरू केलं. धार आली, पण सुतळीएवढी. माणसं किनाऱ्याला सोडली आणि वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. आउटबोर्डच्या पायात रबराचा एक छोटा पंखा असतो, इम्पेलर. तो पाणी वर ढकलतो, आणि त्याच पाण्याने त्याचं स्वतःचं घर्षणही कमी होतं. कोरडा फिरला की मिनिटा-दोन मिनिटांत रबर करपतं आणि पाती तुटायला लागतात. चार दिवसांनी इंजिन पुन्हा तापलं. मी घाबरून ते टेम्पोत घातलं आणि शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला पाठवलं. तिथे ते तीन आठवडे पडलं. फोन केला की ‘पार्ट यायचाय’. शेवटी इम्पेलर बदलून परत आलं, बिलावर एका ओळीत ‘वॉटर पंप सर्व्हिस’. दुसऱ्याच फेरीला पुन्हा तापलं.

तेव्हा मेस्त्रींकडे गेलो. मालवणात ते मासेमारीच्या ट्रॉलरांची डिझेल इंजिनं करतात, आउटबोर्ड त्यांच्या दृष्टीने खेळणं. त्यांनी इंजिनाकडे न बघता विचारलं, “जुनो इम्पेलर खंय?” मी म्हटलं, तो तिकडेच राहिला. “पाती किती तुटलेली?” माहीत नाही. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पाय सोडवला, वर जाणारी नळी काढली, पुढे थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमानाप्रमाणे पाणी सोडणाऱ्या झडपेचं, झाकण उघडलं आणि पक्कडीने रबराचे दोन काळे तुकडे बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवले. तुटलेली पाती पाण्याबरोबर वर जाऊन तिथे अडकली होती. नवा इम्पेलर कितीही चांगला असला तरी वाटच बंद असेल तर पाणी जाणार कुठून? इम्पेलरला सहा पाती असतील आणि हातात चारच आली, तर उरलेली दोन सापडेपर्यंत काम संपलेलं नसतं. हे ज्याने बिल केलं त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला घाई होती.

त्या दिवसापासून कोणाकडेही काम टाकलं तरी एक अट: जुना भाग मला परत हवा. मग तो कंपनीचा माणूस असो की आमचे मेस्त्री. भाग हातात घेतला की निम्मी गोष्ट तो स्वतः सांगतो. प्लग काळा ओला आला तर तेल जास्त पडतंय किंवा पेट्रोल नीट जळत नाही. पांढुरका आणि कोरडा असेल तर इंजिन तापतंय. इंजिन देण्यापूर्वी ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर यांचा फोटो काढून ठेवा. एकाच हॉर्सपॉवरच्या दोन मॉडेलांचे भाग वेगळे निघतात आणि चुकीचा भाग येऊन परत जाण्यात आठवडा जातो. आणि तक्रार तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. ‘सर्व्हिस करा’ असं सांगू नका, ‘वीस मिनिटं चालल्यावर धार बारीक होते’ असं लिहा.

सर्व्हिस सेंटर वाईट आणि गावचे मेस्त्री भले, असं मात्र मी म्हणणार नाही. चार-स्ट्रोक इंजिन असेल, त्यात इंधनाचं इंजेक्शन आणि कॉम्प्युटर असेल, तर दोष वाचायचं यंत्र सेंटरकडेच असतं. मेस्त्री तिथे अंदाजाने भाग बदलतील आणि पैसे तुमचे जातील. उलट कार्ब्युरेटर, गिअरचं सील, होडी ढकलणारा मागचा पंखा (प्रोपेलर), पंप ही कामं हाताची आहेत. जून-जुलैत ५०० किलोमीटर इंजिन पाठवायला हरकत नाही, नोव्हेंबरात पाठवू नये. सेंटरला सगळ्यांची गर्दी सप्टेंबरात होते, कारण सगळ्यांनाच गणपतीच्या आदल्या आठवड्यात होडी आठवते.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे जलक्रीडा आणि प्रवासी होड्या मेच्या अखेरीला बंद होतात आणि ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे वर्षातले तीन महिने इंजिन नुसतं पडून. मेस्त्री म्हणतात, “इंजिन चलवन जाणा नाय, ठेवन जाता.” पहिल्यांदा मला ती म्हण वाटली. नंतर कळलं की हा यंत्रशास्त्राचा सरळ नियम आहे. चालत्या इंजिनात खारं पाणी वाहत असतं. बंद इंजिनात ते वाळतं आणि मीठ मागे राहतं. थर्मोस्टॅट त्याच मिठाने बसतो, पाण्याच्या वाटा त्याच मिठाने बारीक होतात.

म्हणून मेमध्ये शेवटची फेरी झाली की मी २०० लिटरचं पिंप गोड्या पाण्याने भरतो, इंजिनाचा पाय त्यात बुडवतो, पाणी घ्यायची जाळी पूर्ण पाण्याखाली गेली का बघतो, मागचा पंखा काढून ठेवतो आणि न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालवतो. मग पेट्रोलची नळी काढून टाकतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबतो, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. त्यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल, दोन वेळा दोरी सावकाश ओढायची, प्लग परत. इंजिन उभंच ठेवायचं. आडवं ठेवावंच लागलं तर डोकं पायापेक्षा खाली जाता कामा नये, नाहीतर पायातलं उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. धार पडते त्या भोकावर चिकटपट्टी लावा. हसू नका. एका पावसाळ्यात कुंभारमाशीने माझ्या इंजिनात मातीचं घर केलं होतं आणि १ सप्टेंबरला धार का येत नाही म्हणून मी अर्धा पंप उघडून बसलो होतो. पुढच्या वर्षीपासून धार बंद दिसली की मी आधी नायलॉनची दोरी भोकात घालून बघतो.

पायातलं गिअर ऑइल याच वेळी बदलतो. खालचा स्क्रू उघडून तेल एका पांढऱ्या डब्यात घ्या. काळपट आलं तर ठीक. दुधाच्या चहासारखं आलं तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय. आमच्या पाण्यात त्याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा एकच: पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन. तो फिरता फिरता सील कापतो. पंखा काढून बघितल्याशिवाय दिसत नाही, म्हणून सीझनमध्येही महिन्यातून एकदा काढतो. नवं तेल भरायचं ते खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरलं असं वाटूनही ते भरलेलं नसतं. इंजिनाला बाहेरून बसवलेला जस्ताचा तुकडा अर्धा खाल्ला गेला असेल तर बदला. तो खाल्ला जाण्यासाठीच असतो, इंजिनाच्या वाटचं गंजणं तो स्वतःवर घेतो. गणपतीला होडी रंगवताना आमच्या रंगाऱ्याने तोही निळा रंगवून टाकला होता. रंगवलेलं जस्त म्हणजे नुसतं ओझं.

पेट्रोलचं दुखणं अलीकडे वाढलंय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. कोकणातल्या हवेत त्याला कमी पडत नाही. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच पितं. शंका आली तर काचेच्या बाटलीत तळातलं पेट्रोल घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते इंजिनाला देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच घ्यायचं. मेमध्ये उरलेलं मी भावाच्या बाईकमध्ये ओततो, पण टू-स्ट्रोकचं तेल मिसळण्याआधीचं. मिसळ ५० ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिली. नव्या इंजिनाला पहिले १० तास त्याच्या दुप्पट. आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतून पडताळा, शेजाऱ्याच्या तोंडून नको. तेल आउटबोर्डचंच, स्कूटरचं चालत नाही.

ज्यांना होडी नको, दुरुस्तीच शिकायची आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. मत्स्यव्यवसाय खात्याची वर्सोवा, अलिबागसारख्या ठिकाणी प्रशिक्षण केंद्रं आहेत, तिथे नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभालही शिकवतात. कोचीच्या सिफनेटला, म्हणजे केंद्र सरकारच्या मासेमारी-नौकानयन प्रशिक्षण संस्थेत, मरीन फिटरचा अभ्यासक्रम आहे. पण कुठूनही आलात तरी एक पावसाळा एखाद्या मेस्त्रीच्या हाताखाली काढा. पावसाळ्यात मासेमारीच्या सगळ्या बोटी वर ओढलेल्या असतात. ट्रकची म्हणून बनलेली, बोटीवर बसवलेली सहा सिलिंडरची इंजिनं उघडी पडलेली असतात. तेवढं काम वर्षात पुन्हा दिसत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर रात्रीची झोप वाचली असती. तिसऱ्या वर्षी लाटेने होडी उलटली आणि इंजिन खाऱ्या पाण्यात गेलं. बाहेर काढून मी ते वाळवायला अंगणात ठेवणार, तेवढ्यात फोनवर मेस्त्री ओरडले. आतून भिजलेल्या लोखंडाला हवा लागली की गंज तासाभरात सुरू होतो. एक तर तिथल्या तिथे गोड्या पाण्याने धुवायचं, प्लग काढून पाणी उपसायचं, तेल मारायचं आणि लगेच चालवायचं. ते जमत नसेल, मेस्त्री उद्या येणार असतील, तर इंजिन सरळ गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. मी ते दोरी बांधून पिंपात उतरवलं. आई मागच्या पडवीतून बघत होती.

“पाण्यातसून काढलंस आणि परत पाण्यातच घातलंस? तुका खूळ लागला काय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मेस्त्री आले. कार्ब्युरेटर सोडून धुतला, वायरींचे जोड एकेक करून सुकवले, सिलिंडरमध्ये तेल सोडलं. सातव्या ओढीला ते खोकलं, नवव्याला धरलं. आधी पांढरा धूर, मग निळा, मग धार. ते इंजिन अजून आहे. दुसऱ्या होडीवर जोडीला लावतो.