ग्रीसला जायचंय? बेटं कमी करा, रात्री वाढवा

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजन्सीत मी २६ वर्षं नोकरी करतोय. जहाज धक्क्याला लागलं की शिडी चढून कॅप्टनला गाठायचं, कागदांवर सह्या घ्यायच्या, खलाशांची बदली, पाणी, भाजीपाला, डॉक्टर असं सगळं बघायचं. जगातल्या व्यापारी जहाजांत ग्रीक मालकांचा वाटा फार मोठा आहे, त्यामुळे ग्रीक कॅप्टन पुष्कळ भेटले. मी कागद पुढे करायचो आणि ते आधी कॉफी पुढे करायचे. वर म्हणायचे, ‘सिगा, सिगा.’ सावकाश, सावकाश. हा देश एकदा नीट बघायचा, हे तेव्हापासून मनात होतं. अखेर एका मे महिन्यात आई, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी यांना घेऊन १४ रात्री राहून आलो. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तेव्हापासून जो तो विचारतो, कसं ठरवलं? म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की ७ दिवसांत ४ बेटं असली सहल घेऊ नका. माझा एक सहकारी तशी सहल करून आला. त्याच्या आठवणीत बोटीच्या रांगा आणि बॅगा भरणं एवढंच उरलं. ग्रीसमधली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथला दिवस. सकाळची कॉफी, दुपारची सामसूम, रात्री ९ नंतर भरणारी जेवणाची टेबलं. तो दिवस कळायला एका ठिकाणी निदान ३ रात्री लागतात. आम्ही अथेन्समध्ये ४, नाफ्प्लिओ या जवळच्या जुन्या गावात ३, नाक्सोस बेटावर ५ आणि परतीच्या आधी पुन्हा अथेन्समध्ये २ रात्री राहिलो. शेवटच्या त्या दोन रात्री का ठेवल्या, ते पुढे सांगतो.

कधी जायचं?

शाळेत जाणारी मुलं असतील तर मुंबईकरांच्या हातात दोनच सुट्ट्या असतात, मे महिन्याची आणि दिवाळीची. यातली मेची सुट्टी घ्या. मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत हवा सोसवते, माळावर रानफुलं असतात आणि गर्दी अजून उसळलेली नसते. समुद्राचं पाणी मात्र गार असतं. दिवाळीपर्यंत बेटांवरची बरीच हॉटेलं आवरायला लागलेली असतात, बोटी कमी होतात, पाऊस सुरू होतो. तेव्हा जायचंच असेल तर अथेन्स, डेल्फी, नाफ्प्लिओ अशी जमिनीवरचीच सहल आखा. सुट्टीचं बंधन नसेल तर सप्टेंबरच्या मध्यापासून पुढचे ३-४ आठवडे सगळ्यात छान, कारण समुद्र तापलेला असतो आणि ऊन उतरलेलं. जुलै-ऑगस्ट टाळाच. अथेन्समध्ये पारा ४० च्या वर जातो आणि उष्णतेची लाट आली की ऐन दुपारी अॅक्रोपोलिस, म्हणजे प्राचीन मंदिरांची टेकडी, बंद ठेवतात. त्यात १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो. तेव्हा अख्खा ग्रीस गावी किंवा बेटावर निघतो, गणपतीत कोकणात जावं तसा.

सणासाठीच जायचं असेल तर त्यांचा ईस्टर बघा. ग्रीक लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे, त्यामुळे ईस्टरची तारीख ते वेगळी धरतात. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे, म्हणजे आपल्या सुट्टीला अगदी लागून. त्याआधीच्या शुक्रवारी रात्री फुलांनी सजवलेला एपिताफिओस, म्हणजे ख्रिस्ताच्या शवपेटीचं प्रतीक, गावातून मिरवतात आणि मागे मेणबत्त्या घेऊन लोक शांतपणे चालतात. पालखीमागे चाललेल्या माणसाला ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

व्हिसा

ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच वेळ घ्या, मार्च-एप्रिलमध्ये अर्धी मुंबई त्याच रांगेत असते. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, ऑफिसचं रजेचं पत्र आणि रोज कुठे राहणार याचा तक्ता जोडायचा. अनेक देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, हा नियम आहे.

आमचं एका कागदावर अडलं. आईची पेन्शन थोडी आहे आणि तिचा खर्च मी करणार होतो, पण तसं लेखी पत्र मी जोडलंच नव्हतं. पुन्हा एक खेप पडली. घरातल्या वडीलधाऱ्यांना नेत असाल तर ‘यांचा सगळा खर्च मी करतोय’ असं सहीचं पत्र आणि नात्याचा पुरावा आधीच फाइलला लावा.

निघण्याआधी एक छोटी सहल इथेच करा. कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लेख आहेत. त्यांतले काही खांब धेनुकाकट इथल्या यवनांनी दान दिले, असं त्यांत कोरलंय. यवन म्हणजे मुळात ग्रीक. आणि कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती शोधा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ती मूर्ती वीतभरही नाही. आईचं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे आम्ही ती आवर्जून बघून निघालो. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात दोन मीटरहून उंच असा कांस्यपुतळा आहे, आर्तेमिसियोनच्या समुद्रातून वर काढलेला. तो झ्यूस की पोसायडन यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘आपल्याकडचा लहान आहे, पण ओळख पटते.’

अथेन्स आणि नाफ्प्लिओ

विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाइन थेट शहरात येते, तिकीट ९ युरो. तीच लाइन पुढे पिरेअस बंदरापर्यंत जाते, हे लक्षात ठेवा. मोनास्तिराकी किंवा कूकाकी भागात राहिलात तर बरंचसं पायी होतं.

अॅक्रोपोलिसचं तिकीट ३० युरो आहे आणि ते ठरावीक वेळेचं असतं. सरकारी संकेतस्थळावरून सकाळी ८ ची वेळ घ्या. तिथल्या पार्थेनॉन या मुख्य मंदिराचं बांधकाम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झालं. तेव्हापासूनच्या पावलांनी तिथला संगमरवर इतका गुळगुळीत झालाय, की साध्या चपलेने पाय सटकतो. तळाला पकड असलेले बूट घाला. चालणं खरोखरच अवघड असलेल्यांसाठी लिफ्ट आहे, पण आधी विचारून ठेवा. खाली उतरल्यावर संग्रहालय चुकवू नका. टेकडीवरच्या एरेक्थिओन या दुसऱ्या मंदिराच्या ओसरीचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा दगडी तरुणींपैकी पाच तिथे आहेत आणि सहावीची जागा रिकामी ठेवलीय, कारण ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती रिकामी जागा बघून माझ्या मुलीने जे प्रश्न विचारले, ते शाळेच्या पुस्तकाने कधी सुचवले नव्हते.

नाफ्प्लिओ ही १८२९ ते १८३४ या काळात ग्रीसची राजधानी होती. अथेन्सहून बसने अडीच तासांच्या आत पोचता येतं. तिथून एपिदाव्रोसचं नाट्यगृह जवळ आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातलं, ५५ ओळींचं, आजूबाजूला पाइनची झाडं. आम्ही सकाळी लवकर गेलो, बसगाड्या यायच्या आत. आई आणि मी निम्म्या पायऱ्या चढून बसलो. मुलगी खाली मधल्या गोल दगडावर उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, ‘आजी, पाणी प्यायलीस का?’ शेजारी बसून विचारावं तसं ऐकू आलं. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारच्या आसपास तिथे आजही प्राचीन नाटकं होतात.

बेट एकच, पण नीट

सँटोरिनी सुंदर आहे. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. त्या कड्यावर पांढरी घरं उभी आहेत. बघायचंच असेल तर दोन रात्री द्या. पण राहायला मी नाक्सोसच सुचवेन. तिथे शेती आहे, बटाटे आहेत, गुरं आहेत, संगमरवराच्या खाणी आहेत. पर्यटक नसले तरी ते बेट आपलं आपण जगेल. बंदराशीच अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या मंदिराचा भलामोठा दरवाजा एकटा उभा आहे. संध्याकाळी गावातले लोकही तिथे येऊन बसतात.

बोट पिरेअसहून सुटते. तो भाऊचा धक्का नव्हे. एका गेटपासून दुसऱ्या गेटला चालत अर्धा तास लागू शकतो. तिकिटावरचा गेट नंबर बघा आणि तासभर आधी पोचा. झटपट नेणाऱ्या बोटीपेक्षा साधी मोठी बोट घ्या. पाच-साडेपाच तास लागतात, पण डेकवर उघड्यावर बसता येतं आणि पोट ढवळत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. एजियन समुद्रात वारा फार. उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ सुटतो. वारा वाढला की कोस्ट गार्ड बोटी सोडायला बंदी घालतं, त्याला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. आधी हलक्या वेगवान बोटी थांबतात, मग मोठ्या. आमची परतीची बोट अशीच एक दिवस थांबली. धक्क्यावर एक कुटुंब रडवेलं झालं होतं, त्यांचं विमान त्याच रात्रीचं होतं. आमच्या हातात अथेन्सच्या दोन रात्री शिल्लक होत्या, म्हणून आम्ही शांतपणे खोलीवर परतलो. बेटावरून उतरून त्याच दिवशी विमान पकडायचा बेत कधीही करू नका.

बेटावर गाडी चालवायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना इथेच काढून न्या.

जेवण

‘शाकाहारी माणसाचं तिथे काय होणार?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. उत्तम होतं, फक्त शब्द माहीत हवेत. ऑर्थोडॉक्स पंथाचे उपास वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस असतात आणि त्यांत मांस, अंडी, दूध, चीज वर्ज्य. म्हणून उपासाच्या पदार्थांची मोठी परंपरा आहे. हॉटेलात ‘निस्तीसिमो’ काय आहे, असं विचारा. मात्र उपासाला शिंपले, कोळंबी, माकुल चालतात, तेवढं सांगून टाळा. ‘लादेरा’ म्हणजे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. त्यांत ‘फासोलाक्या’ म्हणजे फरसबी, ‘बाम्येस’ म्हणजे चक्क भेंडी. ‘येमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढबू मिरच्या. कधी आत खिमा असतो, म्हणून विचारून घ्या. ‘फावा’ मागवाच. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, तेल आणि लिंबू. बायकोने पहिल्या घासालाच ‘भात हवा होता’ म्हटलं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला प्राण्यांच्या पोटातून काढलेलं रेनेट असतं, हेही कडक शाकाहारींनी ध्यानात ठेवावं.

नाक्सोसवर हाल्की नावाचं गाव आहे. तिथे एका दारात काळ्या कपड्यांतल्या एक आजी पायरीवर पालेभाजी निवडत बसल्या होत्या. आई थबकली, वाकून एक देठ उचलला आणि म्हणाली, ‘अगं बाई, हा तर माठ!’ खरंच माठच. तिकडे ‘व्लिता’ म्हणतात, उकडून तेल-लिंबू घालून खातात. आजींनी सरकून जागा दिली. दोघी अर्धा तास निवडत बसल्या, कोवळी पानं एकीकडे, जाड देठ दुसरीकडे. निघताना त्यांनी माझ्या मुलीकडे बघून ‘फ्तू फ्तू फ्तू’ केलं. ते दृष्ट लागू नये म्हणून, हे आईला कुणी सांगावं लागलं नाही.

भाषेत एकच घोटाळा सांभाळा. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होय! आपल्या कानाला ते ‘नाही’सारखं लागतं. नाही म्हणायला ‘ओही’, किंवा नुसती मान वर करून ‘च्च’.

दुपारी ३ ते ५:३० हे उन्हाळ्यात शांततेचे तास असतात. तेव्हा मोठ्याने बोलू नका, गाणी लावू नका. झोपा. आणि बहुतेक ठिकाणी कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, कारण पाइप अरुंद असतात.

शेवटच्या दिवशी अथेन्समध्ये राहता त्या भागाचा आठवडी बाजार, म्हणजे ‘लाइकी’, कोणत्या वारी भरतो ते खोलीमालकाला विचारा. आम्ही तिथून ओरेगॅनोच्या वाळलेल्या जुड्या आणि एक डबा ऑलिव्ह तेल आणलं. तेल मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून, कपड्यांच्या मधोमध ठेवा. ओरेगॅनो आईने फणसाच्या पापडांच्या डब्यात ठेवलाय, अजून पुरतोय.